झोपेचं खातं

कुत्र्यांचं पाळणाघर आहे म्हटलं की माणसं आधी हसतात, आणि हसून झालं की आवाज खाली आणून विचारतात, "जागा आहे का हो एखादी?" वहिनींना या दोन्हींची सवय झाली होती. हसणाऱ्याला त्या पाणी देत आणि विचारणाऱ्याला फॉर्म.

चार वर्षांपूर्वी फर्निचरचं एक मोठं दुकान बंद पडलं, त्या जागेत त्यांनी आणि त्यांच्या नणंदेने हे पाळणाघर थाटलं. त्याआधी वहिनींनी वीस वर्षं माणसांच्या पोरांचं पाळणाघर सांभाळलं होतं, आणि नणंदबाई शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. "फरक काही नाही," वहिनी सांगायच्या, "फक्त इथले पालक जास्त हळवे असतात."

नणंदेला गिऱ्हाइकं शिट्टीताई म्हणत. गळ्यातली शिट्टी त्या आंघोळीपुरती काढत असाव्यात, तेही काढत असतील तर. चालणं भरभर, बोलणं त्याहून भरभर. बसलेला माणूस दिसला की तो आजारी असणार असा त्यांचा समज होता. वहिनी त्यांना 'वन्सं' म्हणायच्या. ताई त्यांच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, त्यामुळे त्या जुन्या मानाच्या हाकेत पहिल्या दिवसापासून थोडी थट्टा होती. ती दोघींनाही कळायची आणि आवडायची.

दिवसाची वाटणी तेव्हाच ठरली होती. दारालगत भिंतीवर काळा फळा, त्यावर तीन रकाने: खेळ, डोकं, आराम. सकाळचा खेळ ताईंचा: पुढच्या मोठ्या दालनात बोगदे, चेंडू, पाण्याचा टब. मग डोक्याचं काम दोघींचं. जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत खाऊ दडवायचा, खोक्यात खोकं घालून आत पायमोजा लपवायचा, आणि कुत्र्यांनी नाकाने शोधायचा. आणि एक ते तीन आराम, तो वहिनींचा. मागची खोली, जाड पडदे, पंख्याची एकसुरी घरघर, प्रत्येकाची सतरंजी ठरलेली. मध्ये वहिनी बुटक्या स्टुलावर विणकाम घेऊन बसत आणि अधूनमधून मोठी जांभई देत. जांभई ही लागण आहे, हे त्यांना पोरांनी शिकवलं होतं. कुत्र्यांनाही ती लागते. त्या वेळेत ताई नसायच्याच. घरीच राहणाऱ्या चार-पाच कुत्र्यांना फिरवून आणायची त्यांची बाहेरची फेरी असायची.

संध्याकाळी फळ्यावरून प्रत्येकाची चिठ्ठी उतरायची. खेळ अमुक, डोकं तमुक, आराम दोन तास. मग वहिनींचे यजमान, म्हणजे ताईंचे दादा, कुत्री गाडीत घालून घरोघर पोचवायचे. बायको एकीकडे, बहीण दुसरीकडे, अशा जागी चार वर्षं शाबूत राहण्याचं दादांचं एकच सूत्र होतं. "आपण फक्त गाडी चालवतो," ते म्हणायचे.

सगळं सुतासारखं सरळ चाललं होतं, आणि एका सोमवारी बटणचे पप्पा आले.

बटण म्हणजे त्यांचं पांढरं, केसाळ, मुठीएवढं कुत्रं. पप्पांकडे मोबाइल होता आणि मोबाइलमध्ये पाळणाघराचा कॅमेरा. "मी परवा जेवणाच्या सुट्टीत बघितलं," ते म्हणाले, "तर सगळी आडवी. आमचं बटण पण आडवं. झोपायला तर ते घरीसुद्धा झोपतं की हो."

यावर ताईंनी सांगायला हवं होतं की झोप हे सुद्धा काम आहे. त्यांना ते माहीत होतं. पण त्यांच्या हातात तेव्हा एक ओलं कुत्रं होतं, आणि घाईत माणूस जवळच्यालाच ढकलतो.

"ते वहिनींचं खातं," ताई हसत म्हणाल्या. "वहिनींना दुपारची झोप फार प्यारी."

पप्पा हसले. वहिनी टॉवेल घेऊन दारात उभ्या होत्या, त्या हसल्या नाहीत. वीस वर्षं त्यांनी लोकांची पोरं निजवली होती. दुपारी त्यांचा स्वतःचा डोळा एकदाही लागला नव्हता. निजवणाऱ्याला झोपून चालत नाही.

त्यांनी टॉवेल खुर्चीवर ठेवला, आणि त्या क्षणापासून नणंद-भावजयींचा अबोला सुरू झाला.

अबोला असला तरी धंदा बोलल्याशिवाय चालत नाही, म्हणून दोघी कुत्र्यांमार्फत बोलू लागल्या. "साहेब, तुमच्या आत्याला सांगा, दूध संपलंय." साहेब म्हणजे एक काळा, गंभीर, पोट सुटलेला कुत्रा. तो वहिनींकडून ताईंकडे बघायचा. "साहेब, मामीला सांगा, दिसतंय मला." एकीच्या नात्याने आत्या, दुसरीच्या नात्याने मामी. मग आई कोण, हे कुत्र्यांनी कधी विचारलं नाही.

इथवर ठीक होतं. पण वहिनींनी मनात आणखी एक गाठ मारली. झोप म्हणजे फुकटचं खातं काय? मग हे घ्या. मंगळवारी एक वाजता ताई फेरीला गेल्या, आणि वहिनींनी मागच्या खोलीला कडी घातली. विणकाम पिशवीत, पदर कमरेला, आणि पुढच्या दालनात चेंडूंची टोपली उपडी. दोन तास नुसता धुमाकूळ. आपल्यालाही पळवता येतं, हे त्यांना दाखवायचं होतं. दाखवायचं ज्यांना, त्या मात्र रस्त्यावर दुसऱ्याच कुत्र्यांमागे फरफटत होत्या.

तीनला ताई परतायच्या. कुत्री झोपून ताजी झाली असणार, असं धरून त्या जोमाने दुसरा डाव मांडायच्या. आणि संध्याकाळी फळ्यावर आराम हा रकाना कोरा दिसला, कारण वहिनी रुसून फळ्याकडे फिरकल्या नव्हत्या, तेव्हा ताईंनी मोठ्या मनाने स्वतःच त्यात बरोबरची खूण केली. रुसली आहे तर रुसू दे, काम तर करतेच आहे बिचारी.

वहिनींनी चिठ्ठ्या लिहिताना ती खूण पाहिली. ताईंचा जाड, तिरका खडू लगेच ओळखू येत होता. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी भांडी घासायला आत जाते तेव्हा ह्याच झोपवतात वाटतं. म्हणजे माझं खातंही घेतलं. त्यांनी दातओठ खात लिहून टाकलं: आराम, दोन तास.

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथले पाहुणे जेवून-खाऊन तृप्त होते, उपाशी होती ती त्यांची झोप.

दादांना सगळं दिसत होतं. गाडीत बसल्या बसल्या कुत्री चालत्या पंख्यासारखी धापा टाकायची. पोतं नावाचा एक ढम्म म्हातारा कुत्रा पाण्याच्या भांड्यात तोंड घालून उभ्या उभ्या झोपला आणि ठसका लागून उठला. साहेब, ज्यांनी उभ्या आयुष्यात कुणावर आवाज चढवला नव्हता, ते बटणवर गुरकावले. दादांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. आपण फक्त गाडी चालवतो.

दिसत वहिनींनाही होतं, हे खरं सांगायला हवं. किरकिरं झालेलं पोर वीस पावलांवरून ओळखणारी बाई ती. पण रागाला चष्मा लावता येत नाही.

या सगळ्यात पहिल्यांदा तुटली ती भिंगरी.

भिंगरी मेंढ्या राखणाऱ्या जातीची, ठिपक्याठिपक्यांची, दीड वर्षांची पोर. पायाला भिंगरी लागलेली म्हणून तेच नाव पडलं. तिची मालकीण दातांची डॉक्टर. बाई मितभाषी, कारण दिवसभर ज्यांच्याशी बोलायचं त्यांची तोंडं उघडी आणि कापसाने भरलेली. दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी संध्याकाळी त्या स्वतः आल्या, हातात गेल्या आठवड्यापासूनच्या चिठ्ठ्यांची चळत घेऊन.

"काल पडदा फाडला," त्या म्हणाल्या. "परवा सोफ्याचा हात. संध्याकाळी घरात गोल गोल पळते आणि येईल त्याच्या अंगावर उडी मारते. आधी असं नव्हतं."

"म्हणजे खेळ कमी पडतोय," ताई लगेच म्हणाल्या. "उद्यापासून अर्धा तास वाढवू."

"वाढवाच. कारण शनिवारी माझे बाबा दवाखान्यातून घरी येतायत. खुब्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर घेऊन चालतात. ही अंगावर गेली तर ते पडतील, आणि पडले तर पुन्हा उठणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलंय." त्यांनी भिंगरीकडे पाहिलं. "माझ्या मावसभावाची लाकडाची वखार आहे. त्याला राखणीला कुत्रं हवंय. तो साखळी देऊन गेलाय, गाडीच्या डिकीत आहे. शनिवारी संध्याकाळी सहाला बाबांना घेऊन इथे येते. त्यांच्यासमोर हिचं वागणं बघते. जमलं तर घरी, नाही तर तशीच तिकडे."

भिंगरी त्या वेळी तिघींच्या मधून आठचा आकडा काढत फिरत होती. वहिनींनी तिचे डोळे पाहिले. लाल, ताठ, न मिटणारे. हे डोळे त्यांनी पूर्वी पाहिले होते. लग्नघरातल्या तीन वर्षांच्या पोरांचे रात्री साडेनऊला असे डोळे असतात.

"डॉक्टर, ती चिठ्ठी बघू," वहिनी म्हणाल्या. हस्ताक्षर त्यांचंच होतं. आराम, दोन तास.  त्या भिंगरीकडे वळल्या. "भिंगरे, आत्याला विचार, तुला दुपारी झोपवतं कोण?"

ताई चमकल्या. "भिंगरे, मामीला सांग, मामीच झोपवते. एक ते तीन. चार वर्षं झाली."

"आत्याला म्हणावं, गेल्या मंगळवारपासून मामीने खोलीला कडी घातलीय. फळ्यावर खूण आत्याची आहे. तीन वाजल्यानंतर आत्या झोपवते ना?"

"मी?" ताई भिंगरीला म्हणाल्या. "मी तीननंतर रस्सीखेच घेते."

 दाताच्या डॉक्टरांनी आधी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे, आणि शेवटी जिच्याशी हे संभाषण चाललं होतं त्या कुत्रीकडे.

"म्हणजे," त्या सावकाश म्हणाल्या, "नऊ दिवस हिला कुणी झोपवलंच नाही."

"नाही," वहिनी म्हणाल्या. "आणि चिठ्ठीत मी खोटं लिहिलं. न बघता लिहिलं, पण खोटंच ते. ती वेडी झालेली नाही, डॉक्टर. जागून जागून तिचं डोकं तापलंय. तीन दिवस द्या आम्हाला."

दारात दादा उभे होते. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले. तिन्ही बायकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते गाडी पुसायला निघून गेले. गाडी स्वच्छच होती.

गुरुवारी एक वाजता खोलीची कडी निघाली. पडदे ओढले, पंखा लागला, आणि बाकीची मंडळी शेंगा ओताव्यात तशी सतरंज्यांवर पडली. पोतं तर दारातच कोसळलं, त्याला ओलांडून जावं लागलं. साहेब पाच मिनिटांत घोरू लागले. बटणने स्वतःभोवती चार गिरक्या घेतल्या आणि त्याचं कापसाचं बोंड झालं. वहिनींना त्या सगळ्यांची पाया पडून माफी मागावीशी वाटली. त्याऐवजी त्यांनी विणकाम काढलं.

भिंगरी मात्र झोपेना. ती सतरंजीवर यायची, टेकायची, उठायची, दाराशी जायची, फटीला नाक लावायची, परत यायची. वहिनींनी भात्यातले सगळे बाण काढले. लांबलचक जांभया दिल्या. चाटत बसायला रबराच्या थाळीत दही माखून दिलं. डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं, जे पोरांवर हमखास चालायचं. एक डोळा किलकिला करून पाहिलं तर भिंगरी अगदी नाकासमोर बसून त्यांच्याकडे टक लावून बघत होती, जणू ही बाई कधी खरं सांगणार याची वाट पाहत.

तीन वाजता बाहेर शटर वाजलं. ताई आल्या. भिंगरी बाणासारखी सुटली, ताईंच्या पोटऱ्यांमागून फिरली आणि त्यांना नाकाने ढोसत ढोसत मागच्या खोलीच्या दारापर्यंत घेऊन आली. एकदा नाही, तीनदा. ताई बाजूला झाल्या की पुन्हा मागून ढोसणी.

वहिनींच्या हातातली सुई थांबली.

हिला मेंढ्या नाहीत, त्या मनाशी म्हणाल्या. हिला आम्ही आहोत. आणि आम्ही नऊ दिवस एका खोलीत दोन मिनिटं थांबलो नाही. कळप विखुरलेला असताना राखणदार झोपेल कसा?

उपाय सोपा होता, फक्त तो मागावा लागणार होता. वहिनींनी त्या संध्याकाळी भांडी घासताना तीन वेळा वाक्य जुळवलं आणि तीन वेळा मोडलं. अबोला धरायला एक वाक्य पुरतं, सोडायला मात्र शब्द सापडत नाही. शेवटी हात पुसून त्या भिंगरीजवळ उकिडव्या बसल्या. ताई पलीकडे बोगदा घडी करत होत्या.

"भिंगरे, आत्याला सांग, उद्या दुपारी फेरीला जाऊ नका म्हणावं. खोलीत बसा."

"भिंगरे, मामीला विचार, मग फेरीच्या कुत्र्यांना कोण फिरवणार."

"मी फिरवतो," दादा म्हणाले. दोघींनी चमकून पाहिलं. "आपण फक्त गाडी चालवतो, पण पाय आहेत मला."

ताई अजून बोगद्याच्या घडीतच होत्या. "भिंगरे, मामीला सांग, झोपवण्याचं मला काही कळत नाही. ते मामीला एकटीला छान जमतं."

वहिनींनी भिंगरीच्या कानामागे खाजवलं. जरा जास्तच वेळ.

"आत्याला सांग," त्या म्हणाल्या, "मामीला एकटीला जमत नाहीये."

ताईंची घडी चुकली. त्यांनी ती उलगडली, पुन्हा केली, आणि मग गळ्यातली शिट्टी काढून फळ्याशेजारच्या खिळ्याला अडकवली.

शुक्रवारचा प्रयोग फसला, आणि तो ताईंमुळे फसला. त्या खोलीत बसल्या खऱ्या, पण बसणं हे काम त्यांना येत नव्हतं. एक मांडी, दुसरी मांडी, मग गुडघ्याचा कट्ट आवाज. मग पडद्याची दोरी नीट केली. मग पोत्याची सतरंजी सरळ केली, पोत्यासकट. भिंगरीने आत आल्या आल्या सगळ्यांभोवती एक फेरी मारली. दोन बायका, अकरा कुत्री, हिशोब बरोबर. ती सतरंजीवर टेकली, तिची हनुवटी खाली आली, पापण्या जड झाल्या, आणि तेवढ्यात ताई उठल्या. मेंढी उठली म्हटल्यावर राखणदारही उठला. असं सहा वेळा झालं.

"सांग आत्याला," वहिनी दातात दोरा धरून म्हणाल्या, "तिच्यात आणि बटणमध्ये बटण शहाणं आहे."

"सांग मामीला, मला दुपारी झोप येत नाही. जन्मात आलेली नाही."

"झोपायला कोण सांगतंय? नुसतं बसा म्हणावं."

"तेच अवघड आहे म्हणावं."

त्यानंतर उरला फक्त शनिवार.

शनिवारी सकाळी ताईंनी मुद्दाम कमी खेळ घेतला आणि डोक्याचं काम जास्त. भिंगरीने सात टॉवेल उलगडले, अकरा पायमोजे शोधले, त्यातला एक दादांचा निघाला, तोही आठवडाभर हरवलेला. एक वाजता सगळी मंडळी आत गेली. भिंगरीने फेरी मारली. दोन बायका, अकरा कुत्री. ताईंना वहिनींनी या वेळी स्टूल दिलं नाही, भिंतीला उशी लावून पाय लांब करून बसवलं आणि हातात लोकरीचा गुंता दिला. "आत्याला सांग, सोडवत बस."

पंखा घरघरत होता. ताईंची बोटं गुंत्यात चालू होती. भिंगरी दोघींच्या बरोबर मध्ये पसरली, पण डोळे उघडे. बराच वेळ गेला. मग ताई हलक्या आवाजात बोलू लागल्या. इतका हलका आवाज त्यांच्याजवळ आहे, हे वहिनींना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

"भिंगरे, ही मामी ना, आमच्या घरात आली तेव्हा मी बावीस वर्षांची होते. आल्या आल्या हिने मला विचारलं, वन्सं, तुम्ही कधी बसता का हो. तेव्हापासून माझ्यावर हसते ती." बोटं मंद झाली. "मला कुणी झोपवलेलं आठवत नाही बघ. आमच्याकडे उठवायचेच सगळे. म्हणून मी तसं बोलले असेन. मामीला सांग, त्या दिवशी बटणच्या पप्पांसमोर मी जे बोलले ना, ते..."

वहिनींनी सुई खाली ठेवली. त्या थांबल्या.

"ते" नंतर काही आलंच नाही. वहिनींनी मान वर करून पाहिलं. ताईंचं डोकं उशीवर कललं होतं, तोंड अर्धवट उघडं, लोकर मुठीत. मग एक घोरणं आलं. साधंसुधं नाही, साहेबांनी झोपेत कान टवकारावेत असं.

माफी अर्ध्यावर झोपी गेली होती. वहिनींना हसू आवरेना, आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि दोन्ही आवाज न करता करायचं होतं. त्यांनी खाली पाहिलं. भिंगरीचे डोळे मिटले होते. पाय झोपेत हळू हलत होते. कुठल्या तरी रानात मेंढ्या बिनबोभाट एका रांगेत चालल्या असाव्यात.

बरोबर दोन वाजता शटरवर टकटक झाली.

वहिनी चवड्यांवर बाहेर गेल्या. काचेपलीकडे दाताच्या डॉक्टर होत्या आणि त्यांच्याबरोबर वॉकरला धरून उभा एक उंच, वाळलेला, दाढी वाढलेला म्हातारा माणूस. "दवाखान्यातून लवकर सोडलं," डॉक्टर म्हणाल्या. "बाबा आता एकदा घरी टेकले की संध्याकाळी पुन्हा निघणार नाहीत. म्हटलं, आत्ताच काय ते बघून घेऊ." त्यांच्या दुसऱ्या हातात साखळी होती.

 अर्धा तास. नऊ दिवसांच्या जागरणाला अर्ध्या तासाची झोप. आत्ता उठवलं तर अर्धवट झोपेतली ती काय करेल, हे त्यांना पक्कं माहीत होतं. झोपेतून ओढून उठवलेलं पोर आधी चावतं आणि मग रडतं.

"उठवणार नाही मी तिला," त्या म्हणाल्या. स्वतःच्याच आवाजाचं त्यांना नवल वाटलं. "पण बघायचं असेल तर आत या. चपला इथे काढा. आणि बोलायचं नाही."

डॉक्टरांनी वडिलांकडे पाहिलं. "मला बसायला मिळेल का तिथे?" म्हाताऱ्याने विचारलं. "दवाखान्यात दर तासाला उठवतात हो. झोपलात का, हे विचारायला उठवतात."

"मिळेल," वहिनी म्हणाल्या. "इथे तेच मिळतं."

तिघं आत आली. अंधाराला डोळे सरावले तशी डॉक्टरांना एकेक सतरंजी दिसत गेली, प्रत्येकीवर एक श्वास. आणि भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून, शिट्टीताई. तोंड उघडलेली माणसं डॉक्टरांनी हजारोंनी पाहिली होती, पण एवढं निवांत तोंड नाही. वहिनींनी कोपऱ्यातली हाताची खुर्ची पुढे ओढली. म्हातारा वॉकर उचलत, ठेवत, उचलत पुढे सरकला. चौथ्या पावलाला वॉकरचा रबरी पाय फरशीवर करकरला.

भिंगरीचा कान उभा राहिला. मग डोळे उघडले. मग ती उठली.

डॉक्टरांची साखळी हातात आवळली गेली. वहिनी मध्ये जाऊ शकल्या असत्या, पाय उचललाही होता. पण वीस वर्षांनी त्यांना एवढं शिकवलं होतं की जागं झालेल्या पोरावर झडप घातली की ते पुरतं जागं होतं. त्यांनी उचललेला पाय तिथेच ठेवला, आणि जे येत होतं ते केलं. मोठी, संथ, जबडाभर जांभई दिली.

भिंगरीने त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हाताऱ्याकडे. मान खाली घालून, हळूहळू, ती त्याच्या वॉकरभोवती एक पूर्ण फेरी फिरली, चारही पाय हुंगले, त्याच्या पायमोज्यांना नाक लावलं. म्हातारा श्वास रोखून उभा. फेरी संपली तशी ती मागे गेली आणि त्याला पोटरीला एकच बारीक ढोसणी दिली, खुर्चीच्या दिशेने.

"बसा म्हणतेय," वहिनी पुटपुटल्या.

म्हातारा बसला. भिंगरीने खोलीवरून एकदा नजर फिरवली. हिशोबात दोन वाढले होते. तिने ते मान्य केले असावेत, कारण मग तिला जांभई आली, थेट वहिनींच्या जांभईसारखी, आणि ती म्हाताऱ्याच्या दोन्ही पावलांवर आडवी झाली.

डॉक्टर दहा मिनिटं उभ्याच होत्या. मग त्यांनी साखळी आवाज होऊ नये म्हणून रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली. "बाबा, निघायचं का?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

बाबांचा डोळा लागला होता. त्यांना कुणी दर तासाला उठवत नव्हतं.

तीन वाजायला पाच मिनिटं असताना दालनातला फोन वाजला. ताई खाडकन जाग्या झाल्या, कुठे आहोत ते कळायच्या आत तीन ढांगांत फोनपाशी पोचल्या. पलीकडे बटणचे पप्पा होते.

"मी कॅमेऱ्यात बघतोय," ते म्हणाले, आवाज बाहेरपर्यंत येत होता. "कुत्री झोपलीयत ते समजलं. पण त्यात तुम्ही पण, आणि खुर्चीत कुणी आजोबा... तुमच्याकडे माणसंही ठेवून घेतात का?"

ताईंच्या गालावर लोकरीची नक्षी उमटली होती. त्यांनी खिळ्यावरच्या शिट्टीकडे पाहिलं आणि ती तिथेच राहू दिली. "ते मला विचारू नका," त्या म्हणाल्या. "झोपेचं खातं वहिनींचं आहे. आणि ते चालवायला सगळ्यांत अवघड आहे, मी स्वतः करून बघितलंय. तुम्हाला यायचं असेल तर त्यांना विचारून सांगते, पण सतरंजी घरून आणावी लागेल."

त्यांनी फोन ठेवला. मागे वहिनी उभ्या होत्या, चिठ्ठ्यांचं पुस्तक घेऊन.

दोघींच्या मध्ये या वेळी एकही कुत्रं नव्हतं. ताईंनी सवयीने खाली, आजूबाजूला पाहिलं, कुणी सापडतंय का. मग गालावरची लोकर चोळत म्हणाल्या, "मी काहीतरी सांगत होते ना मघाशी? कुठवर आले होते?"

"पोचलं मला," वहिनी म्हणाल्या. "वन्सं, जरा हळू बोला. आजोबा उठतील."

आणि त्यांनी पेनाचं टोपण काढून भिंगरीची चिठ्ठी लिहायला घेतली. खेळ, थोडा. डोकं, अकरा पायमोजे. आराम. तिथे त्या थांबल्या, दाराच्या फटीतून आत डोकावल्या, नीट बघून घेतलं, आणि मग लिहिलं: अजून चालू आहे.